गंगावनात बांधलेली गाठ

शाळा मी चौथीत सोडली. त्यामुळे काना-मात्रा चुकली असेल तर छापणाऱ्याने दुरुस्त करावी, पण मजकुराला हात लावू नये. मजकूर माझा आहे.

सौदीत, जेद्दाच्या शराफिया मोहल्ल्यात आमचं दुकान होतं. आमचं म्हणजे कफिलाचं, ज्याच्या नावावर माझा व्हिसा होता त्या सौदी मालकाचं. पण त्याला गोफ कुठला आणि नाडी कुठली हे शेवटपर्यंत कळलं नाही, म्हणून मी आमचंच म्हणतो. रेशमी दोऱ्यांची रिळं, झालरी, गोंडे, बटणं, अबायाच्या, म्हणजे बायकांच्या काळ्या झग्याच्या बाहीला लावायच्या पट्ट्या असा माल. गिऱ्हाईक म्हणजे शिंपी. सगळे आपल्या बाजूचे, नाहीतर पाकिस्तानी, बंगाली. दुकानाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात बायकांचं सामान: केसांच्या पिना, जाळ्या, चाप, खोटे केस. त्या खोट्या केसांना तिथे काहीही म्हणोत, मी गंगावनच म्हणायचो.

चिनी माल यायला लागला तेव्हा त्यात गाठीची बटणं आली. शिवलेली नव्हेत, दोरीचीच गाठ मारून केलेली, वाटाण्याएवढी, घट्ट. शिंपी ती डझनावारी न्यायचे. मी एक बटण घेऊन बसलो आणि ते उलगडलं. दोरी कुठून गेली, कुठून आली, हे डोळ्यांनी पाहून परत बांधलं. पहिलं वाकडं झालं. मग नीट जमायला लागली. माझा बाप दापोलीच्या किनाऱ्यावर जाळी विणायचा आणि मी बोलायच्या आधी गाठ मारायला शिकलो असं आई सांगायची, तेव्हा मला ते काही अवघड नव्हतं. पुढे शिंप्यांना हवा त्या रंगाचा गोफ मी दुकानातच बांधून द्यायला लागलो.

माल आणणारी चिनी बाई माझ्याच वयाची होती. अरबी माझ्यापेक्षा फर्मास बोलायची. अंगात अबाया, पण डोक्यावरचा रुमाल सारखा मागे घसरायचा आणि आतला अंबाडा दिसायचा, त्यात एक लाकडी काडी खोचलेली. माझी बटणं तिने उलटीपालटी करून पाहिली.

"हाताला सवय आहे," ती म्हणाली. "पण हे बटण झालं. पोरंही करतात."

मला राग आला. मी विचारलं, "मग मोठी माणसं काय करतात?"

तेव्हा तिने दाखवलं. एकाच दोरीची चौकोनी गाठ, जाळीसारखी विणलेली, कडेने कान निघालेले, आणि दोरी कुठे सुरू झाली आणि कुठे संपली ते शोधून सापडत नाही. त्यांच्याकडे ती दारावर लावतात, आयुष्य असंच न तुटता चालावं म्हणून. दुसरी, दोन नाणी एकमेकांवर अर्धी ठेवल्यासारखी. मग तिचं बोलणं केसांवर घसरलं. म्हणाली, जुन्या काळी आमच्याकडे पोरीचं वय केसांवरून कळायचं. लहान असली की कानांवर दोन बाजूंना दोन गुंडाळ्या, बकरीच्या शिंगांसारख्या. पंधराची झाली की केस वर घ्यायचे, एक अंबाडा, त्यात काडी. म्हणजे आता तिला मागणी घालायला हरकत नाही. आणि लग्नाच्या रात्री नवरा-बायको आपापल्या केसांची एकेक बट कापून रेशमाच्या दोरीने एकत्र बांधायचे आणि जपून ठेवायचे.

मी म्हणालो, "आमच्याकडे पण लहानपणी दोन वेण्या, वर लाल रिबिनी. लग्न झालं की अंबाडा."

"मग तुला समजेल," ती म्हणाली. "केसावरची गाठ केसावरच शिकायची असते. हातात दोरी धरून नाही. ती तुला जमायची नाही."

हे शेवटचं वाक्य तिने बोलायला नको होतं.

त्याच सुमारास सौदीकरणाची गडबड सुरू झाली. आधी रंग आले. दुकानं लाल, पिवळी, हिरवी. ज्या मालकाकडे एकही सौदी माणूस कामाला नाही तो लाल, आणि लाल मालकाच्या माणसांचा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, पुढे वाढायचा नाही. आमच्या कफिलाची छोटी दुकानं मिळून सगळी आम्हीच, बाहेरची माणसं, म्हणजे लालच. शराफियात रोज कोणीतरी सामान बांधत होता. खानावळीत जेवायला बसलो की शेजारचा विचारायचा, "तुझा रंग कुठला?"

माझा इकामा त्या महिन्याच्या अखेरीला संपत होता. एरवी मी म्हणालो असतो, संपला तर संपला, घरी जाऊ. पण त्याच महिन्यात माझी घरची यायची होती. लग्नाला उभं आयुष्य झालं, आणि बाईने कधी मला तिथे येऊन पाहिलं नव्हतं. सासू होती तोवर सासू, मग मुलं, मग गुरं. आता कुठे ती मोकळी झाली होती. व्हिजिट व्हिसा आला होता, तो माझ्या इकाम्यावर. इकामा मेला तर व्हिसाही मेला. तिला मक्केला उमऱ्याला न्यायचं मी कबूल केलं होतं. ती फोनवर काही विचारायची नाही, एवढंच म्हणायची, "तिकडे उकडत असेल ना, मी कुठली साडी आणू?" त्यावरून मला समजायचं, तिला किती यायचंय ते.

मग कफिलाने एक सौदी बाई कामाला ठेवली. तिशीची असेल, मूळची उत्तरेच्या हाइलकडची, आईबरोबर जेद्दात राहायची. नवऱ्याने सोडली होती. बायकांच्या सामानाच्या बाजूला ती बसायची, तोंडावर नकाब, हातात मोबाईल. मी तिला "या बिन्ती" म्हणायचो, म्हणजे पोरी. ती मला "या अम्म", म्हणजे चाचा. तिचं नाव सरकारी विम्यात चढलं आणि दुकान हिरवं झालं.

मला ती पहिल्या दिवसापासून खपत नव्हती. माझ्या जागेवर आली असं वाटायचं. ती काही विचारायला लागली की मी रिळांच्या मागे जायचो. एकदा तिने विचारलं, "या अम्म, हा गोंडा कशाला लावतात?" मी म्हणालो, "गिऱ्हाईक आलं की तेच सांगेल." तीही काही कमी नव्हती. म्हणाली, "मग तू कशाला आहेस?"

कफील हे ऐकत होता. त्याने मला बाहेर नेलं. उंच, पोट सुटलेला, मनाने बरा माणूस. मला हाजी म्हणायचा, मी हज केलेला नसतानाही.

"हाजी, ही गेली तर मी लाल. मी लाल तर तू विमानात. डोक्यात घे."

मी डोक्यात घेतलं. त्यानंतर मी तिला गोंड्याचं सांगितलं, पट्ट्यांचं सांगितलं. प्रेमाने नव्हे. पण सांगितलं.

आता गंगावनाचं. ही सौदी बाई कामाला लागायच्या आधीच, त्या चिनी बाईचं बोलणं मनात धरून, मी दुकानातलं एक लांब काळं गंगावन घेतलं होतं. ते लाकडी खुंटीला अडकवलं, वर पीळ देऊन अंबाडा घातला आणि त्याच्याभोवती लाल दोरीची ती चौकोनी गाठ केसांतून ओवत ओवत विणली. दुपारी दुकानं नमाजाला आणि जेवणाला बंद व्हायची, त्या वेळात. कितीदा उलगडली असेल. शेवटी बसली. दोरी नायलॉनची होती, म्हणून दोन्ही टोकं लायटरने वितळवून एकमेकांना चिकटवली आणि तो जोड ओढून गाठीच्या पोटात घातला. बाप नायलॉनच्या जाळ्याचं टोक असंच जाळायचा. बाहेरून बोट फिरवा, जोड लागायचा नाही. चिनी बाई आली की तिच्यापुढे ठेवायचं म्हणून मी ते काउंटरच्या खालच्या खणात, कागदाच्या मागे ठेवून दिलं. ती बाई चीनला गेली होती, लवकर आली नाही. पुढे काउंटरची ती बाजू सौदी बाईकडे गेली. खणही गेला. माझ्या लक्षात राहिलं नाही.

एका सकाळी तिने पिना ठेवायला तो खण पुरा ओढला.

मी शिंप्याला गोफ मोजून देत होतो. तिचा आवाज झाला नाही. खण पडल्याचा झाला. वळून पाहिलं तर ती भिंतीला पाठ लावून उभी, आणि खाली फरशीवर काळ्या केसांचा गुंडाळा, लाल दोरीने गच्च बांधलेला.

"हे कोणाचे केस?" तिने विचारलं.

"कोणाचे नाहीत. दुकानाचे."

"बांधले कोणी?"

"मी," मी म्हणालो. मला वाटलं ती वाखाणते आहे.

तिने पर्स उचलली आणि ती गेली. शिंपी माझ्याकडे बघत राहिला. तोही आपल्या बाजूचा, महाडचा. म्हणाला, "चाचा, काय केलंत हे? केसांत गाठ मारून तिच्या खणात ठेवलीत? इथे?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. गाठीवर फुंकर मारून केलेली करणी, हे काय मला ठाऊक नव्हतं? कुराणातच तिच्यापासून पनाह मागायला सांगितलंय, लहानपणी तोंडपाठ केलेलं. आमच्या गावातही ताप उतरेना की कोणी काळ्या दोऱ्याला गाठी मारून आणायचा आणि मौलवी ओरडायचा. पण मी गाठीकडे नेहमी धंदा म्हणून पाहिलं. जाळ्यात हजारो गाठी असतात, त्यांची कोणी भीती घेत नाही. आणि तिथे तर ही गोष्ट कुजबुजीवर सुटत नाही. असल्या आळावर परदेशी माणूस तुरुंगात जातो.

कफील दुपारी आला तो घामाघूम. तिच्या आईचा फोन आला होता.

"तिच्या आईचं म्हणणं, हिचं लग्न मोडलं तेही असंच. कोणीतरी हिच्यावर गाठ बांधली होती, कुठे पुरली ते सापडलं नाही. आणि आता तुझ्याकडे हे. हाजी, तुझं माझं मीठ-पाणी किती वर्षांचं. खरं सांग."

"शेख, मला करणी येत असती तर मी आधी तुमच्या दुकानाचा एसी चालू केला असता."

तो हसला नाही. म्हणाला, "ती राजीनामा देणार. फेकून दे ते. जाळून टाक."

इथे मी अडलो. "जाळलं तर मी काहीतरी लपवलं असं होईल. मी लपवण्यासारखं काही केलेलं नाही. त्यांना बोलवा. त्यांच्यासमोर उलगडतो. एकेक गाठ."

त्याने खूप समजावलं. मी ऐकलं नाही. माफी मागून मोकळा हो म्हणाला, तेही ऐकलं नाही. खण बंद होता, माल दुकानाचा होता, गाठ सुरेख होती. माफी कशाची? पण खोलीवर गेलो तेव्हा जेवण गेलं नाही. घरचीचा फोन आला. "मसाला भाजून ठेवलाय," म्हणाली, "विमानात नेऊ देतात का?" मी म्हणालो, "देतात."

दुसऱ्या दिवशी असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजानंतर त्या मायलेकी आल्या. आई बुटकी, जाड, काठी टेकत. आल्या आल्या स्टुलावर बसली आणि मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. लेक दाराशीच उभी राहिली, आत येईना. कफिलाने शटर अर्धं ओढलं आणि तो रिळांपाशी येरझाऱ्या घालू लागला.

मी जमिनीवर पांढरा कपडा अंथरला आणि ते गंगावन मधे ठेवलं.

म्हातारीने आधी त्यातला एक केस ओढून काढला आणि कफिलाच्या लायटरवर धरला. केस जळला नाही, वितळून त्याचा काळा मणी झाला.

"प्लास्टिक," ती म्हणाली.

"तेच तर," कफील म्हणाला. "प्लास्टिकवर कुठे करणी..."

"गाठ ती गाठ," म्हातारी म्हणाली. "उघड."

मी कात्री बाजूला सरकवली, कारण गाठ कापली तर करणी सुटत नाही हे तिच्याकडेही मानतात आणि आमच्याकडेही. म्हातारी तोंडातल्या तोंडात पुटपुटायला लागली. मीही तीच पनाह मागायची आयत पुटपुटलो, दोघांना तेवढं एक पाठ होतं. आणि मी गाठीचं टोक शोधायला घेतलं.

टोक नव्हतं.

मीच घालवलं होतं ते. जोड आत कुठे ओढला ते आठवेना. पुढून पाहिलं, मागून पाहिलं. दोरी आत जाते, बाहेर येते, परत आत.

"काय झालं?" म्हातारीने विचारलं.

"टोक आत आहे, आई."

"आत का आहे?"

"टोक दिसलं तर मग कारागिरी कसली?"

म्हातारीने काठी आपटली. "तुझी कारागिरी माझ्या लेकीच्या जिवावर उठली आहे, आणि तू मला कारागिरी सांगतोस? ज्याला गाठ सोडायची नसते तोच टोक लपवतो."

कफील म्हणाला, "हाजी, आता तरी माफी माग."

"आधी गाठ सुटू दे," मी म्हणालो.

मग मी घाई सोडली. एका कानाला पकडून थोडी दोरी बाहेर काढली, ती सैल पुढच्या वळणात ढकलली, तिथून पुढच्यात. पिनेच्या टोकाने. सगळी गाठ तशीच पुढे पुढे सरकवत न्यायची, म्हणजे जोड केव्हातरी वर येणारच. दोरी एकच आहे, जाईल कुठे. पण नायलॉन गच्च बसला होता आणि माझी नजर आता पहिल्यासारखी नाही. वर लाल, खाली लाल, मधे काळे केस. जोड येऊन गेला असता तरी मला दिसला नसता. बोटांची टोकंही दोऱ्या ओढून ओढून दगड झालेली.

लेक केव्हा आत आली मला कळलं नाही. ती कपड्याच्या कडेला येऊन बसली होती.

"पुढे सरकव," ती म्हणाली. "हळू. दाखव मला."

"हात नको लावूस," तिची आई म्हणाली.

"मग सोडवणार कोण? ह्याला दिसत नाही." आणि मला म्हणाली, "या अम्म, ते वळण धर. नाही, ते नाही, वरचं."

तिने बोट पुढे केलं, मागे घेतलं, मग बिस्मिल्ला म्हणून दोरीवर ठेवलं. मी सरकवत राहिलो, दोरी तिच्या बोटाखालून जात राहिली. म्हातारीचं पुटपुटणं मोठ्याने झालं.

"थांब," ती म्हणाली. "इथे खडा लागतोय."

तोच. मोहरीएवढा. तिने नखांनी दोन्ही बाजूंनी धरून पिळला. एकदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा कट्कन आवाज आला आणि तिच्या हातात दोन टोकं आली.

पुढे मला काही करावं लागलं नाही. तिने मला करूच दिलं नाही. एक टोक धरून तीच ओढत गेली, आत, बाहेर, आत. जिथे अडायचं तिथे मी नुसतं बोट दाखवायचो. कान मिटले, चौकोन मोडला, पीळ सुटला, आणि केस कपड्यावर सरळ पडले. तिने ते झटकले, बोटांनी विंचरले, खालीवर पाहिलं. कागद नाही, ताईत नाही, काही नाही. मग नकाबाच्या आतून तिने असा श्वास सोडला की समोरचं कापड पुढे आलं.

म्हातारीने दोरी हातात घेऊन पूर्ण लांब केली. "एकच आहे?"

"एकच. दुपारी जेवणाच्या सुट्टीत बसून बांधली."

"एवढ्या एका दोरीची एवढी मोठी गाठ?" मग लेकीकडे बघून म्हणाली, "लहानपणी तुझे केस विंचरताना तू माझ्या हाताला चावायचीस. आणि हे म्हातारं प्लास्टिकचे केस विंचरत बसलं होतं, तेही भर दुपारी जेवण सोडून."

पहिल्यांदा कफील हसला. मग लेक. मला हसू आलं नाही, मी पिन आणि कात्री उचलून ठेवली.

"शिकवतोस का?" लेकीने विचारलं.

"तुला जमेल," मी म्हणालो. "डोळे चांगले आहेत."

"आणि माझ्या खणात पुन्हा काही ठेवशील?"

"तो खण आधी माझा होता."

"आता माझा आहे," ती म्हणाली.

म्हातारी काठीवर भार देऊन उठली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "तू माफी नाही मागितलीस."

"नाही, आई."

"ठीक आहे. खोट्या माणसाने आल्या आल्या मागितली असती." मग कफिलाला म्हणाली, "उद्या सकाळी येईल ती. तिला पंख्याखाली बसव, एसी तुझा बंदच आहे."

त्या गेल्यावर कफिलाने शटर वर केलं. बाहेरचा उजेड आत आला, गाड्यांचे हॉर्न, समोरच्या हॉटेलातला तळणाचा वास. त्याने मोबाईल काढून तिथेच, उभ्या उभ्या, माझा इकामा वाढवायला टाकला. आता ते सगळं मोबाईलवरच होतं. बराच वेळ ते चक्र फिरत राहिलं. मी गोफाचं रीळ उगाच गुंडाळत होतो.

"खलास," तो म्हणाला, म्हणजे झालं. "वाढला. जा, जेव काहीतरी."

मी बाहेर पायरीवर बसलो आणि घरी फोन लावला.

"इकामा झाला," मी म्हणालो. "आता बॅग भर."

"भरून ठेवलीय," ती म्हणाली. "तुमच्या त्या इकाम्याच्या कार्डासाठी मी थांबले होते असं वाटलं की काय तुम्हाला?"

"नाही झाला असता तर?"

"तर उघडली असती. त्यात काय."

मग ती मसाल्याचं विचारायला लागली, किती पिशव्यांत बांधू, फुटणार तर नाही. मी म्हणालो, बांध कशाही. आणि समोरच्या हॉटेलात जाऊन बसलो. आदल्या दिवसापासून पोटात काही नव्हतं. मासा मागवला, भात मागवला, आणि पोऱ्याने ताट आणून ठेवल्यावर पुन्हा एकदा भात मागवला.